अस्तर लावलंय का?

सकाळी आसनगावहून लोकल पकडली की कल्याण येईपर्यंत आमच्या लेडीज डब्यात जी ती आपापल्या मोबाइलमध्ये असते. कुणी रात्री चुकलेला सिरियलचा भाग बघतं, कुणी डोळे मिटून भजन ऐकतं आणि माझ्यासारख्या रील्स सरकवत बसतात. मे महिन्यातल्या एका सकाळी माझ्या स्क्रीनवर बेला हदीद आली. रील जुनं होतं, कान चित्रपट महोत्सव २०२४ मधलं. अंगात ‘सँ लोराँ’चा तपकिरी ड्रेस, गळ्यामागे बांधलेला, गुडघ्यापर्यंत आलेला आणि जवळपास सगळाच्या सगळा पायमोज्याच्या कापडासारखा आरपार.

वासिंदला चढलेल्या एक काकू माझ्या शेजारी चौथ्या सीटवर टेकल्या होत्या. घरी ब्लाऊज शिवतात, फॉल-पिको करतात, रोजच्या ओळखीच्या. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून माझ्या मोबाइलात डोकावलं. मला वाटलं, आता ‘शी, काय गं बघतेस’ सुरू होणार. तर म्हणाल्या, “अगं, हिचं अस्तर लावायचं राहिलं की!”

मी सांगितलं, काकू, राहिलं नाही, मुद्दामच लावलेलं नाही. फार मोठा ब्रँड आहे, फार महागडे कपडे असतात.

“एवढे पैसे घेतात आणि अस्तर देत नाहीत?”

आख्खी सीट हसली. मीही हसले. पण गेले काही महिने हा ‘अस्तर’ शब्द माझ्या डोक्यात वेगळ्याच कारणानं अडकून बसला होता. ते कारण पुढे येईलच. आधी जरा या ड्रेसेसबद्दल.

फॅशनवाले याला ‘नेकेड ड्रेस’ म्हणतात. नाव ऐकून वाटतं, अंगावर काहीच नाही. खरं तर असे बरेचसे ड्रेस म्हणजे शिवणकामाची कमाल असते. मेरिलिन मन्रोनं १९ मे १९६२ ला न्यूयॉर्कमध्ये अध्यक्ष केनेडींसाठी वाढदिवसाचं गाणं म्हटलं, तेव्हाचा तिचा ड्रेस आठवा. जाँ लुई या डिझायनरनं तो केला होता. कापड अतिशय तलम, तिच्या कातडीच्या रंगाशी जुळवलेलं आणि त्यावर सुमारे अडीच हजार चमकते खडे. लांबून वाटावं की खडे थेट अंगावरच चिकटवलेत. तो इतका घट्ट होता की म्हणे अंगावर चढवून मग शिवावा लागला. २०१६ मध्ये त्याच ड्रेसचा लिलाव झाला तेव्हा ४८ लाख डॉलर मिळाले. म्हणजे दिसत होतं ते अंग नव्हतंच, अंगाच्या रंगाचं कापड होतं. आजही रेड कार्पेटवरच्या बऱ्याच ‘बोल्ड’ गाऊनमध्ये आत अंगाच्या रंगाची जाळी असते, बिनशिवणीचे आतले कपडे असतात, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप असते. अस्तर असतं. ते दिसू न देणं हेच त्यातलं कौशल्य.

सगळेच ड्रेस असे नसतात, हेही खरं. बेलाचा ड्रेस ज्या कलेक्शनमधला होता, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या रॅम्पवर आलं. अँथनी व्हॅकारेलो या डिझायनरनं त्या शोमधले बहुतेक कपडे पायमोज्यांसारख्या झिरझिरीत कापडाचे केले होते. आता रॅम्प आणि रेड कार्पेट यांत एक फरक आहे, जो कमेंटमध्ये शिव्या घालणाऱ्यांना बहुधा माहीत नसतो. रॅम्पवरची मॉडेल स्वतःचे कपडे निवडत नाही. तिला ‘लुक’ नेमून दिला जातो आणि तो घालून तिनं चालायचं, हे तिचं काम. रेड कार्पेटवर मात्र नावाजलेली मॉडेल स्वतःच्या स्टायलिस्टबरोबर बसून ठरवते. त्यामुळे बेलानं तो ड्रेस निवडला असं म्हणता येतं. रॅम्पवरच्या सगळ्याच मुलींबद्दल तसं म्हणता येईलच असं नाही.

मग मे २०२५ मध्ये, महोत्सव सुरू होण्याच्या तोंडावर, कानवाल्यांनी नियमच काढला. शालीनतेच्या कारणावरून रेड कार्पेटवर आणि महोत्सवात कुठेही नग्नता चालणार नाही. त्याच नियमात लांबच लांब घोळ असलेल्या, फार पसरट गाऊननाही बंदी होती, कारण त्यांच्यामुळे पायऱ्यांवर गर्दी अडते आणि थिएटरात बसायला त्रास होतो. पण घोळाची बातमी कोण करणार? ‘कानमध्ये नेकेड ड्रेसवर बंदी’ एवढंच फिरलं आणि बेलाचं जुनं रील पुन्हा वर आलं. ते असं आसनगाव लोकलमध्ये पोचलं.

आता ते कारण.

माझी एक मैत्रीण आहे, मुरबाड तालुक्यातली, टोकावड्याच्याही पुढची. तिचं नाव आणि गाव लिहिणार नाही, असं तिला कबूल केलंय. ती कल्याणला मावशीकडे राहून शिकत होती. उंच आहे, चालते छान, आणि डिसेंबरमध्ये एका इंटर-कॉलेज फेस्टिव्हलच्या फॅशन शोसाठी तिची निवड झाली. थीम मुलांच्या कमिटीनं ठरवली, तिच्या वाट्याला काळ्या नेटचा गाऊन आला. लांब बाह्या, मागे नेट, आणि पुढून छातीपासून मांडीपर्यंत आतून स्किन कलरचं अस्तर.

कापड आणायला आम्ही दोघी उल्हासनगरला गेलो. आमच्याकडचं लग्नाचं बरंचसं कापड तिथूनच येतं. शहापूरकडच्यांनी शहाडला उतरून रिक्षा करायची आणि गजानन मार्केट गाठायचं. (शहाड म्हटलं की सेंच्युरी रेयॉन. जॉर्जेट-शिफॉनसारख्या तलम कापडांत जो व्हिस्कोसचा धागा वापरतात, तो तिथे तयार होतो. म्हणजे झिरझिरीत फॅशनचा एक धागा आमच्या कसारा लाइनवरूनही जातो, पॅरिसला माहीत असो नसो.) मलाही ब्लाऊज शिवायचा होता. चुलत बहिणीच्या हळदीला आम्हा सगळ्यांच्या एकसारख्या पिवळ्या साड्या होत्या, त्यावर मी हौसेनं नेटच्या बाह्या आणि नेटचा पाठीचा भाग ठरवला होता. म्हटलं, एकच अस्तर घेऊ आणि अर्धं अर्धं करू.

दुकानदारानं नेटचे इतके रंग काढले की काउंटर भरला. नुसत्या लाल रंगात टोमॅटो, मरून, राणी, डाळिंबी. मग म्हटलं, स्किन कलरचं अस्तर दाखवा. त्यानं एकच तागा काढला. फिकट, पिवळट-गुलाबी. मी विचारलं, याच्यात दुसरा शेड? तो माझ्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, स्किन कलर म्हणजे स्किन कलर.”

शाळेत चित्रकलेच्या तासाला रंगपेटीतल्या तसल्याच कांडीला आम्ही सगळे स्किन कलर म्हणायचो आणि माणसाचा चेहरा रंगवायला तीच घ्यायचो. वर्गात तसा चेहरा कुणाचाच नव्हता. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीनं आपल्या ‘फ्लेश’ नावाच्या खडूचं नाव बदलून ‘पीच’ केलं १९६२ मध्ये, म्हणजे मेरिलिनचा ड्रेस आला त्याच वर्षी. मेरियम-वेबस्टर या इंग्रजी शब्दकोशानं ‘न्यूड’ रंगाची व्याख्या बदलली २०१५ मध्ये. उल्हासनगरच्या त्या ताग्यापर्यंत यातलं काहीच पोचलेलं नाही. आपली उज्ज्वला राऊत, १९९६ ची ‘फेमिना लुक ऑफ द इयर’, सावळ्या रंगाची मराठी मुलगी, पुढे व्हिक्टोरियाज सीक्रेटच्या रॅम्पवर चालली, जगातल्या मोठमोठ्या डिझायनरांसाठी चालली. तिचे फोटो बघताना मला हल्ली एकच प्रश्न पडतो, हिच्या कपड्यांना ‘न्यूड’ अस्तर कुठल्या रंगाचं लावत असतील?

असो. टेलरकाका एकच, अस्तर एकच, दोघींचे कपडे एकाच आठवड्यात शिवून आले. माझ्या हातावर ते अस्तर क्रेप बँडेज बांधल्यासारखं दिसत होतं. हळदीत आत्यानं खरोखर विचारलं, “हाताला लागलंय का गं?” फोटोंमध्ये मी सगळीकडे हात पदरात घेऊन उभी आहे. मैत्रीण गोरी. तिच्या अंगावर तेच अस्तर दिसेनासं झालं.

मी त्या शोला होते. हॉलमध्ये समोर बसून बघताना गाऊनचं अस्तर स्पष्ट कळत होतं. पण फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत काळी नेट तेवढी उरली आणि अस्तर अंगात मिसळून गेलं. कुणीतरी तो फोटो इन्स्टाग्रामवर टाकला, कुणीतरी तिथून उचलला आणि रात्रीच्या जेवणाआधी तो तिच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. वर एक ओळ, जी मी इथे लिहिणार नाही.

तिचे वडील मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला आहेत. त्यांना तोच फोटो चार जणांनी पाठवला, त्यातले दोन नातेवाईक. ते तिच्यावर ओरडले नाहीत. आईला एवढंच म्हणाले, तिला घरी बोलव. मावशीकडचं राहणं बंद झालं. आता ती रोज एसटीनं कल्याणला येते आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून चारच्या आत निघते. नाटकाच्या तालमी सुटल्या, शो तर सुटलेच. जानेवारीत म्हशाची जत्रा होती. लहानपणापासून आम्ही दोघी तिथे पाळण्यात बसायचो, घोंगड्यांच्या बाजारात उगाच भाव विचारत फिरायचो. यंदा ती आली नाही. गावातली सगळी पोरं जत्रेत असतात, म्हणाली.

तिच्या आईनं मात्र एक केलं, ते मी विसरू शकत नाही. तिनं तो गाऊन खाटेवर पसरला, आतून हात घातला आणि घरात बसलेल्या नणंदेला दाखवलं, “हे बघा. अस्तर आहे.” बोटं दिसत नव्हती. नणंदेनंही हात लावून बघितलं. वडिलांना बोलावलं तर ते उठले नाहीत. म्हणाले, “मी फोटो बघितलाय.”

केट मॉसचं असंच झालं होतं, हे मला नंतर वाचताना कळलं. १९९३ मध्ये लंडनच्या एका पार्टीत तिनं घातलेला चंदेरी, पातळ स्लिप ड्रेस आज ‘नेकेड ड्रेस’च्या प्रत्येक यादीत असतो. तिनं पुढे सांगितलं की ज्या घरातून ती तयार होऊन निघाली, तिथल्या अंधुक उजेडात तो ड्रेस आरपार दिसतच नव्हता. फ्लॅश पडले आणि तो आरपार झाला. फरक एवढाच की केट मॉसचा तो फोटो इतिहास झाला. माझ्या मैत्रिणीची एसटीचा पास काढण्यावर बोळवण झाली.

‘मी फोटो बघितलाय’ या वाक्यावरून मला मधू सप्रे आठवते. माझ्या वयाच्या वाचकांना नाव कदाचित ऐकूनच माहीत असेल. १९९२ ची मिस इंडिया, त्याच वर्षी बँकॉकच्या मिस युनिव्हर्समध्ये सेकंड रनर-अप. देशाची प्रमुख झालीस तर काय करशील या प्रश्नाला तिनं क्रीडासंकुल बांधेन असं उत्तर दिलं आणि त्या उत्तरावरून मुकुट गेला, असं लोक अजून म्हणतात. (मला ते उत्तर आवडतं. शहापूर-मुरबाडमध्ये खेळणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा.) १९९५ मध्ये तिनं आणि मिलिंद सोमणनं टफ शूजची जाहिरात केली. अंगावर बूट आणि दोघांभोवती एक अजगर, बाकी काही नाही. फोटो प्रबुद्ध दासगुप्ता यांचा. झिरझिरीत कपड्याचा तिथे प्रश्नच नव्हता, कपडाच नव्हता. पण नीट बघाल तर आजच्या कितीतरी रेड कार्पेट फोटोंपेक्षा त्यात कमी दिसतं. मुंबई पोलिसांनी अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला. अजगर वापरला म्हणून वन्यजीव कायद्याखालीही प्रकरण झालं. खटला १४ वर्षं चालला. २००९ मध्ये सगळे निर्दोष सुटले. तो फोटो काढला तेव्हा मी जन्मालाही आले नव्हते आणि निकाल लागला तेव्हा पहिलीत होते. एका फोटोपायी एवढ्या वर्षांच्या तारखा! सुटका झाली ही बातमी किती जणांनी वाचली असेल? फोटो मात्र सगळ्यांनी बघितलेला.

त्यानंतरही मुंबईत दर काही वर्षांनी हे होतंच राहिलं. २००६ च्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये रॅम्पवर एका मॉडेलचा टॉप सरकला. तिनं तो सावरला आणि चालणं पूर्ण केलं. तरी तो अपघात की मुद्दाम केलेला प्रकार, यावर राज्य सरकारनं पोलिस चौकशी लावली. २०२२ मध्ये मासिकातल्या फोटोंवरून रणवीर सिंगवर चेंबूरला गुन्हा नोंद झाला. जानेवारी २०२३ मध्ये उर्फी जावेदच्या कपड्यांवरून भाजपच्या चित्रा वाघ यांनी पोलिसांकडे तक्रार केली आणि उर्फीला चौकशीला जावं लागलं. मधल्या काळात, २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं अवीक सरकार खटल्यात सांगून ठेवलंय की नग्न किंवा अर्धनग्न चित्र आपोआप अश्लील ठरत नाही. ते कुठल्या संदर्भात आलंय आणि आजच्या समाजाची मापं काय आहेत, ते बघायला हवं.

‘आजचा समाज’ म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न मला सरळगावच्या बाजारात पडतो. पावसाळ्यात तिथे रानभाज्या घेऊन ठाकर आणि कातकरी आज्या बसतात. त्यातल्या अगदी म्हाताऱ्या अजूनही गुडघ्यापर्यंतचं लुगडं नेसतात, अंगात चोळी नसते, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला असतो. बाजारातलं कुणीही मान वळवून बघत नाही. बघतात ते माळशेजचा पाऊस बघायला गाड्या घेऊन आलेले, आणि न विचारता फोटो काढतात. त्याच बाजारात माझ्या मैत्रिणीला आता ओढणी नीट घे म्हणून सांगणाऱ्या बायका भेटतात. समाज तोच, बाजारही तोच.

आणि तलम कापडाबद्दल आपण भारतीयांनी नाक मुरडावं, हेही गमतीचंच. ढाक्याच्या मलमलीला मुघल काळात आब-ए-रवाँ, शबनम अशी नावं होती. वाहतं पाणी, दव. औरंगजेबाची मुलगी झेबुन्निसा हिची एक दंतकथा सांगतात. बाप रागावला, अंगावर काही आहे की नाही? ती म्हणाली, सात पदर आहेत. खरी असो नसो, गोष्ट टिकली. तिच्या बापानंही पदर मोजून बघितले असतील असं वाटत नाही.

मैत्रिणीची गोष्ट मी वासिंदच्या काकूंना सांगितली, नाव न घेता. मला वाटलं हळहळतील. त्या सरळ कामाचं बोलल्या. “काळ्या नेटला काळंच अस्तर लावायचं. आणि स्किनच पाहिजे तर शिवायच्या आधी तुकडा हातावर ठेवून मोबाइलचा टॉर्च मारून बघायचा. फ्लॅशमध्ये दिसणार ते तेव्हाच कळतं. आम्ही लग्नाचे ब्लाऊज असेच बघतो. तुमच्या टेलरला माहीत नाही?” मग थोड्या वेळानं, आंबिवली गेल्यावर, “स्किन कलर चहात बुडवून काढायचा. तुझ्या हाताला दोनदा बुडवावा लागेल.”

हे मला कुठल्याच फॅशन मासिकात सापडलं नसतं.

गेल्या रविवारी आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. मैत्रिणीच्या मावसभावाचं लग्न आहे आणि तिनं नेटचाच ब्लाऊज शिवायचा म्हटलंय. घरी सांगितलंस का, असं मी विचारलं. “आईला सांगितलंय,” म्हणाली. काकूंनी दोऱ्याचा डबा बाजूला सारला, टेप गळ्यात टाकली, छाती, कंबर, बाही, सगळी मापं वहीत उतरवली. नेटचा तुकडा तिच्या खांद्यावर धरून टॉर्च मारून बघितला. मग विचारलं, “अस्तर कुठपर्यंत लावू?”

तिनं आरशात बघत खांद्यापासून जरा खाली बोट ठेवलं. काकूंनी खडू घेतला आणि तिथेच खूण केली.